चायनीज गाडीवरील सेवाश्रम आणि मराठी श्रमसाहित्याची दृष्टी : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीत जे बदल घडवून आणले, त्यांत ‘चायनीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांचा लहान शहरांत आणि औद्योगिक वसाहतींत झालेला प्रसार हा एक ठळक बदल होय. पालघर आणि बोईसर-तारापूर हा परिसर या प्रसाराचे उत्तम उदाहरण आहे. येथील स्थानकांबाहेर, नाक्यांवर आणि औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला संध्याकाळ झाली की लाल अक्षरांच्या पाट्या उजळतात, भट्ट्या पेटतात आणि रात्री उशिरापर्यंत कढईवर पळी आपटल्याचा आवाज येत राहतो. या पदार्थांच्या चवीविषयी आणि त्यांच्या ‘अस्सलपणा’विषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. मात्र ते पदार्थ तयार करणारा, वाढणारा आणि उष्टी भांडी घासणारा माणूस त्या लेखनात क्वचितच आढळतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा माणूस आहे. परंतु लेखाचे स्वरूप सर्वेक्षणाचे नाही. मराठी श्रमसाहित्याने आणि त्या साहित्याच्या समीक्षेने ‘कामगार’ या संकल्पनेची जी घडण केली, तिच्यात चायनीज गाडीवरचा किंवा लहान उपाहारगृहातला सेवक का बसत नाही, या प्रश्नाची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे. त्यासाठी साहित्यकृती, दुकानाची पाटी आणि कायदा अशा तीन प्रकारच्या संहिता एकत्र वाचल्या आहेत. या माणसाला वाचण्याची दृष्टी मराठीत नाही असे नाही. ती याच जिल्ह्याच्या भूमीवर घडलेल्या एका ग्रंथात आहे, परंतु आपण तो ग्रंथ इतिहासाच्या कप्प्यात ठेवून दिला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पदार्थाचा प्रवास आणि परिसराची पार्श्वभूमी

भारतातील चिनी वसाहतीचा आरंभ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याजवळ झाला असे मानले जाते. कोलकात्याच्या चिनी वस्तीत भारतीय जिभेला रुचेल असे जे चिनी अन्न आकाराला आले, तेच पुढे देशभर पसरले. १९६२ च्या युद्धकाळात भारतातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले, आणि पुढील काळात बऱ्याच कुटुंबांनी देश सोडला. लोक गेले, पदार्थ मात्र राहिले. मुंबईत १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ हे सिचुआन पद्धतीचे उपाहारगृह सुरू झाले. १९७५ च्या सुमारास कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस यांच्या आधारे ‘चिकन मंचुरियन’ सिद्ध केले, असे सर्वत्र सांगितले जाते. मंचुरियाच्या पाकपरंपरेत या पदार्थाला आधार नाही. तसेच ‘शेजवान’ चटणीत सिचुआनच्या स्वयंपाकाचा प्राण मानली जाणारी तिथली मिरी बहुधा नसते. गंमत अशी की कोकणातील माशांच्या कालवणात पडणारे तिरफळ हे त्याच मिरीच्या कुळातले आहे.

याचा अर्थ असा की चायनीज गाडीवर ‘चिनी’ असे जे काही आहे, ते मुख्यतः नावात आहे. पंचतारांकित हॉटेलातून रस्त्याच्या कडेला येईपर्यंत या पदार्थाने आपली किंमत, आपले घटक आणि आपले ग्राहक बदलले. ज्यांच्या हातून तो तयार होतो ते हातही बदलले.

हे नवे ग्राहक पालघर परिसरात कोठून आले, हे समजण्यासाठी येथील औद्योगिक इतिहास पाहणे आवश्यक आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या. पुढे बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत विस्तारली, आणि रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांत काम करण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आदी राज्यांतून कामगार आले. एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणूपर्यंत पोहोचली, तर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण मिळून राहणारा, पाळी संपवून परतणारा एकटा कामगार हा चायनीज गाडीचा पहिला आश्रयदाता. एका प्लेटमध्ये पोट भरावे, ते गरम असावे आणि खिशाला परवडावे, ही त्याची गरज असते. त्याच्या मागोमाग लोकलने उशिरा उतरणारा नोकरदार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी आला. एका श्रमिकाची भूक भागविण्यासाठी दुसरा श्रमिक रस्त्यावर उभा राहिला, असे या व्यवसायाचे वर्णन करता येईल. यांतील पहिल्या श्रमिकाची ओळख मराठी साहित्याला आहे, दुसऱ्याची फारशी नाही.

सेवाश्रमाचे स्वरूप

चायनीज गाडीचे काम संध्याकाळी सुरू होते अशी ग्राहकाची समजूत असते. वास्तविक दिवसाचे निम्मे काम तोवर उरकलेले असते. कोबी, गाजर, सिमला मिरची आणि कांद्याची पात ढिगाने चिरायची, तांदूळ बोटचेपे न होतील इतपत शिजवून पसरून ठेवायचे, नूडल्स उकडून तेल लावून मोकळ्या करायच्या, कोंबडी साफ करायची, मंचुरियनचे गोळे तळून घ्यायचे, चटणी वाटायची आणि गाडी धुऊन जागेवर आणायची, हे सर्व दुपारीच होते. संध्याकाळी भट्टी पेटल्यावर आचारी, म्हणजे ज्याला हॉटेलच्या धंद्यात बहुधा ‘कारागीर’ म्हणतात तो, ज्वाळेसमोर उभा राहतो. ‘हेल्पर’ हाताशी सामान देतो, पोऱ्या प्लेटा उचलतो, कोणी पार्सल बांधतो. गिऱ्हाईक थांबल्यावर भांडी घासणे, उरलेले झाकणे, रस्ता झाडणे आणि सामान आवरणे हा दिवसाचा तिसरा भाग सुरू होतो. त्याला वेळेची मर्यादा नसते, कारण त्याचे मोल स्वतंत्रपणे ठरलेलेच नसते.

या श्रमाची तीन वैशिष्ट्ये चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, यातील मोठा भाग ग्राहकाच्या नजरेआड होतो आणि तो नजरेआड राहावा हीच त्या कामाची अट असते. गिरणीतल्या श्रमातून कापड निर्माण होते. येथील श्रमाचे फळ काही मिनिटांत खाऊन संपते आणि घासलेली प्लेट पुन्हा उष्टी होते. दुसरे वैशिष्ट्य मुद्रेचे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविका आणि कर्जवसुली करणाऱ्यांच्या अभ्यासातून ‘भावश्रम’ ही संकल्पना मांडली. ग्राहकासमोर ठरावीक मुद्रा धारण करणे हेही कामच असते आणि त्याची विक्री होते, असे त्या संकल्पनेचे सार आहे. मद्य घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने अर्वाच्य शब्दांत ‘ट्रिपल’ मागितला तरी पोऱ्याने ‘हां शेठ’ म्हणायचे असते. हा शब्द मेन्यूवर नसतो, पण त्याची किंमत त्याच पगारात धरलेली असते. तिसरे वैशिष्ट्य विखुरलेपणाचे. एका गाडीवर तीन-चार माणसे असतात, पुढच्या गाडीवर आणखी तीन-चार, आणि प्रत्येक ठिकाणी मालक समोर उभा असतो. येथे भोंगा नाही, फाटक नाही आणि फाटकावरची सभाही नाही.

मराठी श्रमसाहित्याची चौकट

मराठी श्रमसाहित्याची समीक्षा प्रामुख्याने मुंबईच्या गिरणगावाभोवती उभी राहिली. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांच्यापासून जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकापर्यंत जी परंपरा अभ्यासक्रमांतून शिकवली जाते, तिचा नायक गिरणी कामगार आहे. १९८२ च्या संपानंतर तो पराभूत नायक झाला, तरी केंद्रस्थान त्याचेच राहिले. त्याच्या ओळखीची काही निश्चित चिन्हे आहेत : यंत्र, पाळी, चाळ, संघटना, मोर्चा आणि संप. ही चिन्हे ज्याच्यापाशी आहेत तो कामगार, अशी एक अलिखित व्याख्या या समीक्षेने रुजवली.

या व्याख्येची मर्यादा स्वतः सुर्वे यांच्या जीवनपटातून स्पष्ट होते. बालपणी त्यांनी घरगडी, दूध टाकणारा मुलगा, हॉटेलात कपबशा विसळणारा, हमाल अशी अनेक कामे केली आणि त्यानंतर ते गिरणीत गेले. म्हणजे मराठी कामगार कवितेचा हा अग्रणी आधी सेवाश्रमिक होता. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांवरील समीक्षेने मात्र त्यांच्यातील गिरणी कामगाराला आणि कार्यकर्त्याला जितके महत्त्व दिले, तितके हॉटेलातल्या मोरीशी बसलेल्या मुलाला दिले नाही. त्यांच्या चरित्रातील तो तपशील ‘खडतर बालपण’ या सदरात जमा झाला. वास्तविक रस्त्याला विद्यापीठ मानणाऱ्या या कवीची जाणीव समजून घेताना, इतरांचे उष्टे विसळताना त्याने माणसे कशी पाहिली असतील, हा प्रश्न विचारणे समीक्षेला शक्य होते. तो विचारला गेला असता तर सेवाश्रम हा खऱ्या श्रमापूर्वीचा टप्पा न ठरता स्वतंत्र अनुभवविश्व म्हणून पुढे आला असता.

हॉटेलविश्वाचे मराठीतील दुसरे परिचित रूप म्हणजे मालकाची यशोगाथा. विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे आत्मकथन मराठी वाचकांत अत्यंत लोकप्रिय झाले. कष्ट, धडाडी आणि उद्योजकता यांची प्रेरणा म्हणून ते वाचले गेले आणि त्या दृष्टीने त्याचे मोल आहे. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून अशा यशोगाथेची दृष्टी स्वभावतःच गल्ल्यामागून पाहणारी असते. तिच्यात नोकर येतो तो निष्ठावान सहकारी म्हणून किंवा शिकवण देणाऱ्या प्रसंगातील पात्र म्हणून. तिसरे रूप खाद्यविषयक ललितलेखनाचे. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख किंवा दुर्गा भागवत यांचे ‘खमंग’ हे पुस्तक यांनी मराठीत चवीच्या लेखनाची समृद्ध परंपरा निर्माण केली. तिचे केंद्र खाणारा आणि पदार्थ हे आहे, आणि ते साहजिकच आहे.

अशा रीतीने यंत्रावरचा कामगार, गल्ल्यावरचा मालक आणि टेबलावरचा रसिक यांना मराठी साहित्याने आवाज दिला. भट्टी आणि मोरी यांच्यामधल्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी परंपरा मात्र तितक्या ठसठशीतपणे उभी राहिलेली दिसत नाही. इंग्रजीत जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३३ मध्येच ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ या पुस्तकात पॅरिसच्या हॉटेलातील भांडी घासणाऱ्याचे जग आतून दाखवले. कन्नडमध्ये जयंत कायकिणी यांनी मुंबईतील चित्रपटगृहाच्या सफाई कामगारासारखी माणसे कथेच्या मध्यभागी आणली. मराठीच्या अंगणातील ही माणसे शेजारच्या भाषेला दिसली, ही बाब मराठी समीक्षेने गांभीर्याने घ्यावयास हवी.

नाव आणि चेहरा

चायनीज दुकानातील सेवेचा एक विशेष असा की तेथे चेहऱ्यालाही बाजारभाव असतो. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत आणि मॉलमध्ये ईशान्य भारतातील तरुणांना त्यांच्या चेहरेपट्टीमुळे प्राधान्य मिळते आणि त्याच चेहरेपट्टीमुळे अवमानही सोसावा लागतो, हे डॉली किकोन आणि बेंग्ट कार्लसन यांनी ‘लीव्हिंग द लँड’ (२०१९) या अभ्यासात दाखवून दिले आहे. पदार्थ चिनी म्हणून वाढणारा चिनी ‘दिसावा’, ही ती अपेक्षा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकांना भारतात येण्याची व काम करण्याची मोकळीक आहे. त्यामुळे या व्यवसायात नेपाळी आचारी आणि वाढपी मोठ्या प्रमाणावर आले. चेहऱ्याची ही अट गाडीवर सैल होते. तेथे आचारी नेपाळचा असतो तसा बंगालचा, ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशचाही असतो, आणि हाताखालचा मुलगा विक्रमगड, जव्हार किंवा डहाणूच्या पाड्यावरचाही असू शकतो. मात्र नावाची अट कायम राहते. नेपाळी माणूस ‘बहादूर’, उत्तर भारतीय ‘भैया’ आणि लहान वयाचा कोणीही ‘छोटू’ होतो. ईशान्येकडील व्यक्तीला उद्देशून वापरला जाणारा हिणकस शब्द तर उच्चारण्याच्याही लायकीचा नाही.

मराठी भाषकांना या प्रथेची वेदना नवी असू नये. मुंबईच्या सुखवस्तू घरांत काम करणाऱ्या कोकणी गड्याला, त्याचे नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणून हाक मारण्याची रीत कित्येक वर्षे रूढ होती. रत्नागिरीहून बोटीने आलेला धोंडू किंवा गणपत घराच्या उंबऱ्यात शिरताच रामा होत असे. मराठी विनोदाने आणि रंगभूमीने या ‘रामा गड्या’चे ठोकळेबाज पात्र करून त्यावर हशा मिळवला. नाव पुसले गेल्यावर माणसाचे गाव, भाषा आणि घरची ओढही पुसली जाते, हे मराठी समाजाने स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे. तोच समाज आज ग्राहकाच्या खुर्चीवरून दुसऱ्याला ‘बहादूर’ म्हणतो. श्रमसाहित्याच्या समीक्षेने स्थलांतरिताचा प्रश्न ‘परप्रांतीय’ या एकाच शब्दात संपवला, तर रामाचा इतिहासही आपल्याला वाचता येणार नाही.

कायद्याची संहिता आणि दुकानाची पाटी

साहित्यात अदृश्य असलेला माणूस कायद्यात दिसतो काय, हे पाहणे उद्बोधक ठरते. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात उपाहारगृहे व खाद्यगृहे यांसाठी स्वतंत्र प्रकरण होते, आणि त्याची लागूता नोकरांच्या संख्येवर अवलंबून नव्हती. त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमाने १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, ओळखपत्र, रजा आदी तरतुदी लागू केल्या. १० पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाने केवळ व्यवसायाची सूचना द्यावी, एवढीच अपेक्षा ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० पर्यंत नेण्यास आणि दैनंदिन कामाचे तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. चायनीज गाडीवर किंवा चार टेबलांच्या दुकानात १० माणसे नसतातच. किमान वेतनाचे तत्त्व अशा संख्येवर अवलंबून नाही, हे खरे. पण कामाचे तास कोठे नोंदलेलेच नसतील तर वेतन कशावर मोजायचे, हा प्रश्न राहतोच.

याच अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती या संदर्भात विशेष बोलकी आहे. मराठी देवनागरी पाट्यांची सक्ती १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही या दुरुस्तीने लागू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाट्यांचा आग्रह योग्यच आहे आणि मराठीच्या प्राध्यापकांना त्याचे समाधान वाटणेही स्वाभाविक आहे. तथापि लहान दुकानाच्या दारात कायदा पोहोचला तो पाटीपर्यंत, पाटीखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत नाही, हे वास्तव नजरेआड करता येत नाही. ‘शेजवान’ आणि ‘मंचुरियन’ हे शब्द देवनागरीत आले. ते शिजवणाऱ्याचे तास कोणत्याच लिपीत आले नाहीत.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ वाचताना हीच बाब अधिक ठळक होते. फेरीवाल्याच्या उपजीविकेला संरक्षण देणारा हा कायदा निश्चितच पुरोगामी आहे. परंतु विक्री प्रमाणपत्रासाठी अर्जदाराने आपण स्वतः किंवा आपल्या कुटुंबीयामार्फतच व्यवसाय करू, अशी हमी द्यावयाची असते. या कायद्याच्या कल्पनाविश्वात गाडीवर पगारी हेल्पर नसतोच. म्हणजे एका कायद्यासाठी तो मोजण्याइतका मोठा नाही आणि दुसऱ्या कायद्याच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. बालमजुरीच्या बाबतीत मात्र कायद्याने स्पष्ट भूमिका घेतली. ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले व उपाहारगृहे यांत १४ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास मनाई झाली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच व्यवसायांना लागू झाली. तरीही ‘छोटू’ हा शब्द भाषेतून गेलेला नाही, आणि भाषेत शब्द टिकतो तेव्हा बहुधा त्याचा उपयोगही टिकलेला असतो.

गोदावरी परुळेकरांचा ग्रंथ : वाचनाची एक पद्धत

या पार्श्वभूमीवर गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाकडे वळणे अपरिहार्य ठरते. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव, तलासरी या पट्ट्यातील वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याचे हे कथन १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवले गेले. आज तो भूभाग बव्हंशी पालघर जिल्ह्यात आहे. आंदोलनाचा दस्तऐवज, स्त्रीचे आत्मकथन किंवा डाव्या चळवळीचे साहित्य म्हणून या ग्रंथाची चर्चा होते. श्रम वाचण्याची पद्धत म्हणून त्याची चर्चा अधिक व्हावयास हवी.

परुळेकरांच्या लेखनाचे सामर्थ्य त्यांच्या नेमकेपणात आहे. वेठ म्हणजे केवळ ‘शोषण’ असे म्हणून त्या थांबत नाहीत. जमीनदाराच्या शेतावर, घरात आणि जंगलात आदिवासीकडून कोणकोणती कामे मोबदल्याशिवाय करून घेतली जात, हे त्या दाखवतात. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पती-पत्नी दोघांनाही मालकाकडे राबवणारी लग्नगडीची प्रथा त्या नावानिशी उघड करतात. वेठ त्या काळी मजुरी म्हणून मोजलीच जात नव्हती. ती मालकाचा हक्क आणि आदिवासीचा स्वभावधर्म मानली जात होती. न मोजलेल्या कामाला काम म्हणणे, हे त्या लढ्याचे पहिले पाऊल होते. म्हणूनच पुढे ५०० पौंड गवत कापणीला अडीच रुपये अशी नेमकी मागणी उभी राहू शकली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासींनी प्राण गमावले, तो संघर्ष याच दराच्या मागणीच्या काळातला होय.

ही पद्धत चायनीज गाडीकडे वळवली तर काय दिसेल? दुपारची चिराचिरी, रात्रीची मोरी, गिऱ्हाइकाचे बोलणे सोसणे, पावसात ताडपत्री धरून उभे राहणे, रात्री गाडीपाशीच झोपून राखण करणे, ही सर्व कामे ‘हेल्पर’ या एका शब्दात गुंडाळलेली दिसतील. त्यांची यादी केली की त्यांतील कोणत्या कामाचा मोबदला मिळतो आणि कोणते गृहीत धरले जाते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘उचल’ या शब्दाचेही तसेच. जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांना हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. आगाऊ घेतलेल्या रकमेने माणूस कामाशी बांधला जाण्याची ही रीत लग्नगडीच्या काळापासून वीटभट्टीपर्यंत आली आहे, आणि पगाराआधी उचल घेणाऱ्या गाडीवरच्या मुलाच्या बाबतीत ती सौम्य रूपात कितपत टिकून आहे, हे तपासण्याजोगे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३७ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ भाषिक राहत नाही.

तथापि या तुलनेच्या मर्यादाही नोंदवणे न्याय्य ठरेल. गाडीचा मालक हा जमीनदार नव्हे. पुष्कळदा तो स्वतः कालचा हेल्पर असतो, उसनवारीवर गाडी उभी करतो, आपल्या नोकराच्या बरोबरीने राबतो आणि अतिक्रमण हटवण्याच्या कारवाईच्या धास्तीत जगतो. वारल्याला गाव सोडून जाण्याची मुभा नव्हती. येथील मुलगा नाराज झाला तर पुढच्या नाक्यावर काम शोधतो. जाण्याची ही मोकळीक हेच त्याचे सौदा करण्याचे एकमेव साधन असते. यान ब्रेमन यांनी ‘फुटलूज लेबर’ (१९९६) या ग्रंथात पालघरच्या सीमेपलीकडील दक्षिण गुजरातमधील ज्या भटक्या श्रमिकांचे चित्रण केले, त्यांच्याशी हा मुलगा अधिक जवळचा आहे. म्हणून परुळेकरांकडून घ्यायची ती खलनायक आणि नायक यांची मांडणी नव्हे. कामाची मोजदाद करणे आणि माणसाला त्याच्या नावाने ओळखणे, या दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. मालक गरीब आहे म्हणून नोकराचे न मोजलेले काम मोजू नये, असे होत नाही. उलट मालकाचेही न मोजलेले काम त्याच मोजदादीत दिसू लागते.

समारोप

वरील चिकित्सेतून काही निष्कर्ष समोर येतात. एक, मराठी श्रमसाहित्याच्या समीक्षेने यंत्र आणि संघटना यांच्या आधारे कामगाराची जी ओळख निश्चित केली, तिच्यामुळे सेवाश्रमिक हा सुर्वे यांच्यासारख्या कवीच्या चरित्रातही दुय्यम राहिला. दोन, चायनीज खाद्यगृहांतील सेवेत चेहरा आणि नाव यांचाही व्यवहार होतो, आणि ‘रामा’पासून ‘बहादूर’पर्यंतची ही साखळी मराठी समाजाच्या आत्मपरीक्षणाचा विषय आहे. तीन, १० पेक्षा कमी माणसांच्या दुकानात कायद्याने पाटीची भाषा पाहिली, माणसाचे तास पाहिले नाहीत. साहित्य आणि कायदा यांच्या दृष्टीतील हे साम्य योगायोगाचे वाटत नाही. चार, परुळेकरांच्या ग्रंथात या श्रमाच्या वाचनाची पद्धत उपलब्ध आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. पालघर किंवा बोईसरच्या वर्गात सकाळच्या तासाला डुलकी घेणारा विद्यार्थी आदल्या रात्री कोठे उभा होता, हे आपण सहसा विचारत नाही. हजेरीपटावर तो अनियमित ठरतो. कदाचित तो गाडीवरून मध्यरात्री परतलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्पांना श्रेयांकासह स्थान मिळाले आहे. मराठी विभागांनी या प्रकल्पांतून गाडी, भट्टी, मोरी आणि गल्ला यांच्याभोवतीची बोली, कामांची नावे आणि कामगारांची कथने त्यांच्या संमतीने व त्यांच्या रोजीला धक्का न लावता संकलित केली, तर श्रमसाहित्याच्या अभ्यासाला नवी सामग्री मिळेल. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि विधी या विभागांनाही त्या संकलनात वाटा उचलता येईल. असे काम उभे राहिले तर ‘मराठी श्रमसाहित्य’ या अभ्यासपत्रिकेत गिरणीच्या भोंग्यानंतर काय, या प्रश्नाचे एक उत्तर बोईसरच्या रस्त्यावर सापडण्याची शक्यता आहे. त्याची सुरुवात समोरच्या माणसाचे खरे नाव विचारण्यापासून करावी लागेल.